फडात गेलेली पोरं कोण मोजणार?

दंडघेराची पट्टी, म्हणजे दंडाचा घेर मोजून कुपोषण ओळखायची रंगीत पट्टी, कशी लावायची हे शिकवायला अर्धा तास पुरतो. डावा हात कोपरात दुमडायचा, खांद्याच्या हाडाचं टोक आणि कोपर यांच्या बरोब्बर मध्ये पेनानं खूण करायची, मग हात सैल सोडायचा आणि पट्टी गुंडाळायची. आवळायची नाही, ढिली ठेवायची नाही. सहा महिने ते पाच वर्षांच्या पोराचा दंड 11.5 सेंटिमीटरच्या खाली भरला तर लाल म्हणजे तीव्र कुपोषण, 12.5 च्या खाली पिवळा म्हणजे मध्यम, वर हिरवा. मोजायला नव्यानं आलेल्या मुली हात दुमडलेलाच ठेवून मोजतात, दंड फुगतो आणि लाल पोर पिवळं होतं. पण चार पोरं मोजली की ते सुटतं.

खरी पंचाईत पोर हाती लागण्याची आहे.

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यात काम करते. साखर कारखाना पेटला, म्हणजे हंगाम सुरू झाला, की ऊसतोडीच्या टोळ्या येतात, आमच्याकडे बहुतेक बीडच्या. रस्त्याकडेला, माळावर त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या राहतात. निर्वासितांच्या छावण्यांत मोजमापाचे जे नियम पाळतात, तेच या तळांना लावावेत असं माझं मत. हे बोलले की लोक हसतात, "ती काय निर्वासित आहेत होय?" घर मागं, रेशन मागं, अंगणवाडीच्या रजिस्टरातलं नाव मागं. आणखी काय व्हायला पाहिजे?

पहिला प्रश्न वयाचा. छावण्यांत जन्माचा दाखला नसतो म्हणून घटनांचं कॅलेंडर करतात: सण, पूर, पेरणी, निवडणूक. आता आमचं कॅलेंडर म्हणजे जोतिबाची यात्रा, नरसोबाच्या वाडीची दत्तजयंती, 2019 आणि 2021 चा महापूर. बीडच्या बाईला त्याचं काय? तिला विचारायचं पोळ्याच्या आधी का नंतर, पट्टा पडून, म्हणजे हंगाम संपून, गावी गेल्यावर का हंगामात.

"कारखाना पेटायच्या आदुगर झालं बगा हे लेकरू."

"ह्या का गेल्या हंगामाच्या, वहिनी?"

"गेल्या. उचल घेतली तव्हा पोटात व्हतं."

उचल म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून घेतलेले आगाऊ पैसे. झालं, महिना मिळाला. अगदीच काही कळलं नाही तर छावण्यांत उंचीची काठी लावतात: 65 ते 110 सेंटिमीटरमधलं पोर सहा महिने ते पाच वर्षांचं धरून मोजायचं. यात मेख अशी की सात-आठ महिन्यांचं पोर खुजं राहिलं असेल तर ते 65 ला पोचतच नाही, आणि ज्याला आधी मोजायचं तेच बाहेर पडतं. म्हणून मी काठीवर फार विसंबत नाही.

दुसरं पाऊल पायाचं. दोन्ही पायांवर अंगठा दाबून मनात म्हणायचं, एकशे एकवीस, एकशे बावीस, एकशे तेवीस. अंगठा उचलल्यावर दोन्हीकडे खळगा राहिला तर पट्टी हिरवी दाखवो नाहीतर पिवळी, पोर तीव्र कुपोषित. सुजलेलं पोर गुटगुटीत दिसतं. एक आजी मला कौतुकानं सांगत होत्या, बाळानं बाळसं धरलंय. पाय चिखलानं माखलेले, धुतले तेव्हा कातडी तुकतुकीत निघाली आणि अंगठ्याचा खड्डा दोन्हीकडे तसाच राहिला. आजींनी स्वतः दाबून बघितलं. मग दवाखान्याला नाही म्हणाल्या नाहीत.

आता मूळ मुद्दा. आमची पाहणी सकाळी अकराला होते, कारण गाडी तेव्हा मिळते. टोळी पहाटेच फडात, ऊस तोडायला, गेलेली असते. अंगावर पिणारं पोर आईबरोबर जातं, साडीच्या झोळीत नाहीतर पाचटावर गोधडी टाकून झोपतं. तळावर राहतात ती तीन-चार वर्षांची, आजीजवळ किंवा थोरल्या बहिणीजवळ. आता पट्टीत लाल-पिवळी लहान पोरंच जास्त सापडतात हे कुणीही सांगेल. म्हणजे जी सापडणार ती फडात, आणि टक्केवारी निघते उरलेल्यांची. छावणीत रोडावलेली पोरं 15 टक्क्यांवर गेली की आणीबाणी समजतात. आकड्यावर एवढं अवलंबून असेल तर तो कुणाचा आहे हे नको का बघायला? तिथल्या पाहणीत न भेटलेलं पोर नोंदवतात, त्याच दिवशी परत जातात, तरी नाही भेटलं तर शेजारचं पोर घेऊन जागा भरत नाहीत. आमच्या तक्त्यात "गैरहजर" हा रकानाच नाही.

संध्याकाळी गेलं की सगळी सापडतात. पण जानेवारीच्या थंडीत पोराचे कपडे उतरवून काट्याला टांगू द्यायला कुठली आई तयार होईल? मीही देणार नाही. त्यामुळे संध्याकाळी फक्त पट्टी आणि पाय, मोबाईलच्या उजेडात. हे पुरेसं नाही, कारण उंचीच्या मानानं वजन काढलं की काही वेगळीच पोरं निघतात, जी पट्टीत हिरवी असतात. दोन्ही पाहिजे.

म्हणून यंदा चिटबॉयला, म्हणजे कारखान्याच्या तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्याला, सांगून ठेवलंय: कारखान्यात बिघाड होऊन तोड थांबली की आधी मला फोन कर. त्या दिवशी आयाही तळावर, पोरंही तळावर. काटा आणि उंचीची फळी घेऊन जायचं, ऊन चांगलं वर आलं की वजनं घ्यायची, दोन वर्षांच्या आतलं पोर आडवं झोपवून मोजायचं. गाडी नाही मिळाली तर वडापनं, शेअर जीपनं, जाईन. फळी तेवढी वडापवाला टपावर घेतो का, ते विचारायचंय.