आईच्या मात्रा आणि जपानी गाणी : माझा अनुभव

गेल्या जानेवारीत आम्ही नागपुरातल्या काही ॲनिमेप्रेमींनी, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिकांच्या चाहत्यांनी, धरमपेठेतील एका लहान सभागृहात एक दिवसाचे संमेलन भरवले. वेशभूषा, चित्रविक्रीची टेबले आणि प्रश्नमंजूषा ही कामे मित्रांनी पटापट वाटून घेतली. कराओके मात्र माझ्या गळ्यात पडले आणि त्याचे एकमेव कारण म्हणजे आमच्या घरी दोन माइक, एक मिक्सर आणि दोन मोठे स्पीकर होते. हे सारे सामान बाबांचे. तरुणपणी ते शहराच्या महाल भागातल्या गणेशोत्सवात ऑर्केस्ट्राबरोबर गात असत आणि निवृत्तीनंतर जुन्या हिंदी गाण्यांच्या कराओके मंडळात रमले आहेत.

सामान मागायला गेलो तेव्हा मी त्यांना सांगितले की ‘कराओके’ हा शब्द ‘कारा’ म्हणजे रिकामा आणि ‘ओके’ हे ऑर्केस्ट्राचे जपानी लघुरूप यांपासून झाला आहे. १९७१ साली कोबे शहरात दाइसुके इनोउए या वादकाने गाण्याच्या साथीचे असे यंत्र तयार केले, त्याचे पेटंट घेतले नाही आणि २००४ साली त्याला इग नोबेल, म्हणजे नोबेलच्या धर्तीवरचे गमतीचे, शांतता पारितोषिक मिळाले, हेही सांगितले. “पेटंट नाही घेतलं? म्हणजे वाजवणाराच होता तो, धंदेवाला नव्हे,” असे म्हणून बाबांनी कपाटाची किल्ली माझ्या हातात दिली.

नावनोंदणीसाठी आम्ही चिठ्ठ्या मागवल्या. वेळ दीड तासाचा होता आणि चिठ्ठ्या आल्या एकतीस. ॲनिमेच्या सुरुवातीचे गाणे दूरचित्रवाणीवर साधारण ९० सेकंदांचे असते, आणि संमेलनांमध्ये पूर्ण गाण्याऐवजी तेवढाच भाग गायची पद्धत आहे. आम्हीही तोच नियम केला. तरीही व्यासपीठावर चढणे, माइक नीट धरणे, टाळ्या आणि उतरणे यांत प्रत्येकामागे चार मिनिटे धरावीच लागतात, म्हणजे बावीसच्या पुढे कोणाला संधी मिळणे शक्य नव्हते. आधी आलेल्यांना आधी घ्यायचे असे मी मनाशी ठरवले, पण तसे आगाऊ जाहीर केले नाही, ही माझी चूक होती. उरलेल्या नऊ जणांचा राग मी संमेलनाच्या दिवशी प्रत्यक्ष ऐकून घेतला. साथीचे ट्रॅक मिळवणे त्या मानाने सोपे गेले, कारण अशा गाण्यांच्या जपानी सीडींवर मूळ गाण्याबरोबर त्याची गायकाच्या आवाजाविना केलेली प्रतही पुष्कळदा असते.

खरी अडचण शब्दांची होती. पहिल्या तालमीला आमच्या बैठकीच्या खोलीत पाच जण आले आणि रोमन लिपीतले बोल पाहून गाऊ लागले. चंद्राला जपानीत जो शब्द आहे त्याचा पहिला उच्चार कोणी ‘सु’ केला, कोणी ‘टसु’, आणि ओळ संपेपर्यंत प्रत्येक जण वेगळ्या ठिकाणी पोहोचला होता. गंमत अशी की तो ध्वनी मराठी माणसाच्या तोंडी जन्मापासून आहे. ‘चूक’ या शब्दातला च उच्चारला की झाले. तसेच त्यांच्या भाषेतल्या दुसऱ्या एका ध्वनीसाठी ‘जाड’मधला ज पुरतो. मग मी सगळे बोल देवनागरीत लिहायला घेतले.

उच्चार सुधारले, पण ताल सुटतच राहिला. आई शाळेत मराठी शिकवायची. आतल्या खोलीतून बराच वेळ ऐकून शेवटी ती बाहेर आली आणि म्हणाली, “अरे, मुलं मात्रा खाऊन राहिली आहेत.” तिने कागद ओढून घेतला आणि लाल पेनाने लघु-गुरूच्या खुणा करू लागली. नमुन्यासाठी तिने ‘निऑन जेनेसिस इव्हान्जेलियन’ या १९९५ च्या मालिकेचे, योको ताकाहाशी यांनी गायलेले शीर्षकगीत घेतले, कारण ते तिघांनी मागितले होते. ‘जान्कोकु ना तेन्शि नो तेऽजे’ हे त्याचे नाव. आईच्या हिशेबाने ‘जान्कोकु ना’च्या सात मात्रा झाल्या, पण ट्रॅकवर त्या पाचच होत्या.

घोळ कुठे आहे ते शोधण्यात आमची सबंध संध्याकाळ गेली. मराठी छंदशास्त्रात आ, ए, ओ हे नेहमी दीर्घ असतात, तर जपानीत तेच स्वर ऱ्हस्वही असतात, त्यामुळे काना दिसला म्हणून दोन मात्रा मोजायच्या नाहीत. उलट न् या अर्ध्या अक्षराला तिथे स्वतःची पूर्ण मात्रा आहे, आणि जोडाक्षरातल्या दुप्पट व्यंजनाच्या पहिल्या भागालाही. म्हणून ‘निहोन्’च्या तीन मात्रा होतात आणि ‘निप्पोन्’च्या चार. हा भाग आईला लगेच पटला, कारण अनुस्वारामुळे आणि पुढच्या जोडाक्षरामुळे अक्षर गुरू होते हेच ती वर्षानुवर्षे शिकवत आली होती. स्वर खरोखर लांबवायचा तिथे अवग्रह (ऽ) टाकायचे ठरले. “शुद्धलेखनाचे मात्र हाल केलेत तुम्ही,” असे ती त्यानंतरही दोन-तीनदा म्हणाली.

पडद्यावर बोल रंगत जाण्यासाठी मी एजीसब हे मोफत मिळणारे सॉफ्टवेअर वापरले. त्यात प्रत्येक अक्षराचा कालावधी सेकंदाच्या शतांश भागांत भरावा लागतो, त्यामुळे ९० सेकंदांच्या एका गाण्याला माझे तीन-चार तास सहज जात. ‘तेन्शि’मधला न् वेगळा मोजण्यासाठी त्याच्यापुढे खूण घातली की जोडाक्षर फुटून पाय मोडलेला न् एकटा दिसू लागे. सुरुवातीला मला तो दोष वाटला आणि तो घालवण्यासाठी मी दोन रात्री झटलो. नंतर लक्षात आले की गाणाऱ्याला नेमके तेच दिसायला हवे, म्हणजे तो तिथे एक मात्रा थांबतो. मग मी ‘निप्पोन्’सारखे शब्दही मुद्दाम फोडून लिहिले.

बाबांच्या सामानाने दोन धडे दिले. एक असा की बिनतारी स्पीकरवर आवाज पडद्याच्या मागे पडतो, आणि जलद गाण्यात तो उशीर जवळजवळ एका मात्रेएवढा भरतो. म्हणून आम्ही तारेचेच स्पीकर लावले. दुसरा धडा प्रतिध्वनीचा. बाबांच्या मंडळात तो भरपूर ठेवतात आणि संथ गाण्यांना तो शोभतोही, पण भरभर येणाऱ्या अक्षरांचा त्याने पार काला होतो. बाबांच्या डोळ्यांदेखत तो खटका शून्यावर आणताना मला थोडे जड गेले.

संमेलनाच्या दिवशी पहिले दोघे घाबरून ट्रॅकच्या पुढे धावले, पण तिसऱ्यापासून पडद्यावरची अक्षरे आणि गळे बऱ्यापैकी एकत्र चालू लागले. शीर्षकगीत मागणाऱ्या तिघांना मी एकत्रच उभे केले. तेवढ्यानेच आठ मिनिटे वाचली आणि नऊपैकी दोघांना आत घेता आले. बाबा मिक्सरपाशी उभे होते आणि मधूनच प्रतिध्वनीच्या खटक्याकडे हात नेत होते. आई शेवटच्या रांगेत बसली होती. तिला अर्थ एका शब्दाचाही कळत नव्हता, पण बोटांवर अंगठा फिरत होता, आणि गाणे संपल्यावर ती माझ्याकडे वाकून म्हणाली, “मधल्या मुलीनं दुसऱ्या ओळीत एक न् गिळला.”