एकाच माल्टची, एकाच हॉप्सची बिअर

महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्यावाचून घरी बिअर तयार करता येत नाही. त्यामुळे हा उद्योग मी पुण्यातल्या एका परवानाधारक मायक्रोब्रुअरीत, वीस लिटरच्या चाचणी संचावर, तिथे ब्रुअर असलेल्या माझ्या भाचीच्या देखरेखीखाली केला. एकच माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) आणि एकच हॉप्स (कडवटपणा व सुगंध देणारी वेलीची फुले) वापरण्याचा आग्रह तिचाच. चार माल्ट एकत्र आले की कोणती चव कशातून आली हे नवख्याला उमगत नाही, असे तिचे म्हणणे.

माल्ट होते मॅरिस ऑटर, म्हणजे १९६०च्या दशकात केंब्रिजमध्ये विकसित झालेल्या सातूचे, आणि हॉप्स १९७२ मध्ये अमेरिकेत प्रसारित झालेले कॅस्केड. साडेचार किलो भरडलेले माल्ट आम्ही ६६ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवले. या टप्प्यावर माल्टमधील विकरे स्टार्चची साखर करतात. तापमान ६३ च्या आसपास राहिले तर यीस्टला पचणारी साखर अधिक तयार होऊन बिअर कोरडी होते, सत्तरीकडे सरकले तर ती भरीव आणि किंचित गोडसर होते. आयोडीनचा थेंब निळा-काळा झाला नाही, म्हणजे स्टार्च उरला नाही, तेव्हा रस गाळून घेतला आणि चोथा बाजूला काढला.

मला खरे कुतूहल होते ते उकळण्याचे. तीस ग्रॅम हॉप्स उकळी फुटताच टाकले, कारण त्यांतील अल्फा आम्लांचे रूप बदलून कडवटपणा उतरायला दीर्घ उकळी लागते. पण तेवढ्या वेळात सुगंधी तेले वाफेबरोबर निघून जातात, म्हणून आणखी तीस ग्रॅम शेवटच्या दहा मिनिटांसाठी राखले होते. मी सवयीने झाकणाकडे हात नेला, तशी ती म्हणाली, “मामा, झाकण नको, उकडलेल्या मक्यासारखा वास देणारी गंधकयुक्त संयुगे बाहेर जाऊ द्या.”

एप्रिलमधल्या पुण्यात नळाच्या पाण्याने रस पुरेसा थंड होत नाही, त्यामुळे चिलरला पर्याय नव्हता. किण्वन, म्हणजे यीस्टने साखरेचे अल्कोहोल करणे, १९ अंशांवर ठेवले, कारण तापमान फार वाढले तर यीस्ट उग्र, झोंबणारी अल्कोहोले निर्माण करते. किण्वनाचा जोर ओसरल्यावर उरलेले चाळीस ग्रॅम हॉप्स थेट टाकीत गेले. हायड्रोमीटरवरची घनता १.०५० वरून १.०११ वर आली, म्हणजे अल्कोहोल सुमारे पाच टक्के.

बिअरला पपनसाच्या सालीचा वास होता आणि मागाहून भाजलेल्या बिस्किटाची चव येत होती. एकाच हॉप्सचा कडवटपणा आणि सुगंध इतके वेगळे जाणवतील असे मला वाटले नव्हते. माझ्या मते कडवटपणा थोडा कमी चालला असता, पण भाचीला तो मान्य आहे. पुढच्या खेपेला माल्ट तेच ठेवून हॉप्स तेवढे बदलायचे आहेत. मला चेक साझ हवे आहेत, आणि तिचा कौल सिट्राला आहे.