झावळ्यांचा रविवार (ईस्टरच्या आधीचा), रात्री अकरा

हे आत्ता झोपले. पायाला तेल लावलं, गोळ्या दिल्या, उजव्या हाताखाली उशी सरकवली, आता अर्धा तास माझा आहे म्हणून लिहायला बसले. सकाळी मशीन सुरू झालं की आजचं सगळं डोक्यातून जाईल आणि आजचं मला जाऊ द्यायचं नाहीये.

चौदा महिने झाले. पहाटे पाचला हे मोरीत गेले आणि हातातून ब्रश पडल्याचा आवाज आला. जाऊन बघते तर तोंड एका बाजूला वाकडं, उजवा हात लोंबतोय, बोलायला जातात तर नुसता घशातून आवाज. जवळच्या दवाखान्यात नेलं, तिथे सलाईन लावून ठेवलं, बीपी वाढलंय, दुपारपर्यंत बघू म्हणाले. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं हे मला मोठ्या हॉस्पिटलात गेल्यावर कळलं, तेव्हा सात तास उलटून गेले होते. कोणी वाचत असेल तर एवढं लक्षात ठेवा, तोंड वाकडं, हात खाली पडतोय, जीभ जड, यातलं एक जरी दिसलं तरी जिथे सीटी स्कॅन आहे तिथेच पळायचं. पाच ते साडेनऊ. हे साडेचार तास मी किती रात्री मोजत काढलेत ते प्रभूलाच माहीत.

मग जे होतं ते झालं, सहा महिन्यांनी कंपनीने ह्यांचं कॉन्ट्रॅक्ट संपवलं, एफडी मोडली, मी घरात फॉल-पिको आणि ब्लाऊज घ्यायला लागले. त्याचं एवढं वाटलं नाही. वाटलं ते आपल्याच माणसांचं. घरी प्रार्थनेला येऊन एकांनी ह्यांच्या उशाशी उभं राहून विचारलं, घरात काही कबूल न केलेलं पाप आहे का. दुसऱ्या एक ताई म्हणाल्या विश्वास कमी पडतोय, नाहीतर एवढ्यात उठून चालले असते. ह्यांना बोलता येत नाही, पण ऐकू सगळं येतं, कळतं सगळं. डोळ्यातून पाणी आलं त्यांच्या आणि मी काहीच बोलले नाही, बोलायला हवं होतं.

त्या दिवसांत मी बायबलमधलं ईयोबाचं पुस्तक परत काढलं, काही दोष नसताना ज्याच्यावर संकटं कोसळली त्या माणसाचं. त्याच्या त्या तीन मित्रांना आपण कायम नावं ठेवतो, पण ते आले तेव्हा पहिले सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि कोणी एक शब्द बोललं नाही, कारण त्याचं दुःख फार मोठं आहे हे त्यांना दिसलं. तिथपर्यंत ते बरोबर होते. तोंड उघडलं तिथून चुकत गेले. आमच्या चर्चमधल्या एक मावशी आहेत, दर मंगळवारी येतात, जय ख्रिस्त म्हणतात, खाली बसून माझी मेथी निवडून देतात, पाण्याचा हंडा भरतात आणि जातात. वचन नाही, उपदेश नाही. मला त्यांच्या येण्यात प्रभू दिसला, खरंच सांगते.

प्रार्थना मात्र माझी आटली होती. म्हणजे गुडघे टेकायचे, डोळे मिटायचे, पण आत काही हलायचं नाही, आणि याची मला फार भीती वाटायची की माझा विश्वास गेला की काय. तेराव्या स्तोत्रात पहिल्या दोनच ओव्यांमध्ये दावीद राजा देवाला चार वेळा विचारतो, कोठवर. मी तेवढंच म्हणायचे, कोठवर, आणि आमेन. किती तरी महिने माझी प्रार्थना एवढीच होती.

आता खरी गोष्ट. स्ट्रोक डाव्या बाजूच्या मेंदूत होता, म्हणून उजवी बाजू आणि बोलणं दोन्ही गेलं. ह्यांना पाणी म्हणता येत नव्हतं, माझं नाव घेता येत नव्हतं, मुलीला हाक मारायला जायचे आणि भलताच शब्द यायचा मग चिडून तोंड फिरवायचे. तिसऱ्या महिन्यात एका रात्री मी मशीनवर बसल्या बसल्या प्रभूची प्रार्थना, येशूने शिकवलेली ती, पुटपुटत होते, मनापासून पण नाही, सवयीने. आणि मागून आवाज आला. जड, ओढत, पण स्पष्ट. आमची रोजची भाकर आज आम्हास दे. मी मशीन थांबवलं. ते पुढे म्हणतच राहिले, थेट आमेनपर्यंत, आणि संपल्यावर आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो. मी म्हटलं आता पाणी म्हणा. नाही आलं.

स्पीच थेरपिस्टला सांगितलं तर त्यांना काही नवल वाटलं नाही. त्या म्हणाल्या असं होतं, नवीन वाक्य जुळवायचं काम मेंदूचा जो भाग करतो त्याला मार बसलाय, पण लहानपणी घोकून घोकून बसलेलं, आकडे, वार, गाणी, प्रार्थना, ते वेगळ्या वाटेने येतं, म्हणून बऱ्याच पेशंटना बोलता येत नाही पण गाता येतं. काही जणांना वाईट वाटलं की मग हा चमत्कार नाही का. मला नाही वाटलं. ही वाट तरी कोणी ठेवली. ह्यांची आजी श्रीरामपूरकडच्या एका वाडीत चुलीपुढे बसून नातवंडांकडून रोज संध्याकाळी प्रार्थना आणि स्तोत्रं म्हणून घ्यायची, म्हटल्याशिवाय ताट वाढायची नाही. ती गेली त्याला तीस वर्षं झाली. तिने तेव्हा वाढून ठेवलेलं हे आज खातायत.

गेल्या महिन्यात महिला मंडळाबरोबर केडगावला गेले होते, आमच्या नगरशेजारचं नाही, दौंडकडचं, पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन जिथे आहे ते. मुलगी म्हणाली जा आई, एक दिवस मी बघते पप्पांना. रमाबाईंचं आपण शाळेपासून ऐकतो, पण ह्या वेळी मला त्यांची आईच डोळ्यापुढे दिसत राहिली. यात्रेच्या वाटेवर, रानात मुक्काम, खायला नीट नाही आणि ती माऊली लेकीकडून संस्कृत श्लोक पाठ करून घेतेय, हजारो. त्या काळात बाईला संस्कृत शिकवणं म्हणजे लोकांचे शिव्याशाप. पुढे दुष्काळात रमाबाईंचे आईवडील गेले, मोठी बहीण गेली, काही वर्षांनी भाऊही गेला, लग्नाला दोन वर्षंही झाली नाहीत तोवर नवरा कॉलऱ्याने गेला. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आणि त्याच पाठांतराने तयार झालेल्या डोक्याने त्यांनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं बायबल सोप्या मराठीत आणलं, खेड्यातल्या साध्या बाईला कळावं म्हणून, छपाईसुद्धा मुक्तीतल्या मुलींनी केली. 1921 मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तेव्हा स्वतःला ऐकू येत नव्हतं, शरीर थकलेलं, तरी त्या प्रुफं तपासत राहिल्या आणि काम पुरं करून 5 एप्रिल 1922 ला गेल्या. त्या आईला यातलं काय ठाऊक होतं? मी तिथे झाडाखाली बसले आणि कितीतरी महिन्यांनी पोटातून रडले, आणि कोठवर सोडून दुसरा शब्द तोंडात आला, तो मी इथे लिहीत नाही.

घरी आल्यावर पाळकसाहेबांना फोन केला की संडे स्कूल, म्हणजे चर्चमधल्या पोरांचा रविवारचा वर्ग, मी परत घेते. वर्षभर सोडलं होतं. आधी मला स्वतःलाच वाटायचं पोरांकडून नुसतं पाठांतर करून घेण्यात काय अर्थ, अर्थ समजला पाहिजे. समजला पाहिजेच. पण पाठ झालंच पाहिजे, ह्यावर मी आता कोणाशीही भांडेन.

तर आज. सकाळी उपासनेत पोरं झावळ्या घेऊन होसान्ना म्हणत आत आली, ह्यांची व्हीलचेअर कडेला होती, एका पोरीने आपली झावळी ह्यांच्या डाव्या हातात दिली, ती घरी येईपर्यंत सोडली नाही. दुपारी वर्गातली चार पोरं ईस्टरच्या तयारीला घरी आली, तेविसावं स्तोत्र पाठ करायला. सगळ्यात लहान जो आहे तो मला काही उणे पडणार नाही, इथपर्यंत आला आणि थांबला. मी मुद्दाम गप्प बसले. आणि आतल्या खोलीतून, कॉटवरून आवाज आला, तो मला हिरव्यागार कुरणात बसवतो. पोरगं एकदम तिकडे बघायला लागलं. हे पुढे संथ पाण्यापर्यंत आले, मग स्तोत्र सुटलं आणि मधूनच प्रभूच्या प्रार्थनेत शिरले, कुरणातून थेट भाकरीवर. मला वाटलं आता पोरं हसतील. एक पण हसलं नाही, उलट चौघं हळूहळू त्यांच्याबरोबर प्रार्थनाच म्हणायला लागले आणि सगळ्यांनी एकदम आमेन म्हटलं. लहाना मला विचारतो, काकू, काकांना परत पहिल्यापासून घ्यायचं का? मी म्हटलं घ्या.

तीन वेळा घेतलं त्यांनी. तिसऱ्या वेळी हे कुरणातून पाण्यावर आले आणि पुढच्या ओळीला, जीव ताजातवाना करतो, इथे जरा अडकले पण म्हणाले.

बुधवारी परत येणार आहेत पोरं. खुर्ची बाहेरच्या खोलीत घ्यायला हवी म्हणजे हे त्यांच्यात बसतील, कॉटवरून ओरडावं लागणार नाही. झावळी मी खिडकीच्या गजात खोचून ठेवलीय, टोकं सुकायला लागलीत. सकाळी आठच्या आत तीन साड्यांचे फॉल द्यायचे आहेत, दोन झालेत.