दोझो, दोझो

आमच्या टोकियोच्या ऑफिसात लिफ्टपाशी रोज सकाळी एक छोटं नाटक रंगतं. दार उघडतं, आम्ही चौघं उभे, आणि जो तो दुसऱ्याला म्हणतो, "दोझो." आधी तुम्ही. तोवर दार मिटायला लागतं.

रविवारी नीशी-कासाईजवळ याच मंडळींबरोबर फुटसाल, म्हणजे छोट्या मैदानावरचा फुटबॉल, खेळतो, तिथेही तेच. परवा गोलकीपर आडवा झालेला, समोर जाळी मोकळी, आणि आमच्यातल्या एकाने चेंडू माझ्याकडे सरकवला. लहानपणी गल्लीत 'पहिली बॅटिंग माझी' म्हणून भांडणारा मी; पण मीही तो पुढे ढकलला. तिथे कुणी नव्हतंच.

आणि या देशात 'ब्लू लॉक' ही फुटबॉलवरची ॲनिमे मालिका धो धो चालते! तीनशे स्ट्रायकर, म्हणजे गोल मारणारी, पोरं एका इमारतीत कोंडायची आणि त्यातून जगातला सर्वोत्तम असा एकच घडवायचा. कोचचं नावच एगो, म्हणजे आपला इगो, अहंकार. नायक इसागी सुरुवातीला आमच्याच जातकुळीतला: फायनलमध्ये स्वतः न मारता पास देतो, सोबत्याचा फटका पोस्टला लागतो, सामना जातो. मग ब्लू लॉकमधल्या पहिल्या सामन्यात जो तो चेंडूमागे, गुळाला मुंगळे लागावेत तसे. तो भाग बघताना मी पोट धरून हसलो.

पण हा इसागी काही फार वेगवान नाही की दांडगा नाही. कोण कुठे धावेल, मोकळी जागा कुठे पडेल, हे त्याला आधी दिसतं. म्हणजे स्वतःचा गोल करायचा तर बाकीच्यांकडे बारीक लक्ष हवंच. मला मालिका आवडली ती इथे.

सामन्यानंतर इझाकायात, म्हणजे जपानी बारमध्ये, बसलो होतो. 'ब्लू लॉक'च्या कथेची सुरुवात 2018 च्या विश्वचषकातल्या जपानच्या पराभवापासून होते, म्हणून त्या सामन्याचा विषय निघाला. बेल्जियमविरुद्ध 2-0 ची आघाडी, आणि शेवटी 3-2 ने हार. परवाचा तो पासवाला सहकारी एदामामेच्या शेंगा मांडून 94 वं मिनिट समजावू लागला. कॉर्नर जपानचा. बेल्जियमचा गोलकीपर कुर्तुआने झेलला, डी ब्रॉयनने पळवला, म्यूनिएने उजवीकडून आत दिला. लुकाकू गोलसमोर. एवढा मोठा स्ट्रायकर, पण त्याने चेंडूला पायच लावला नाही, जाऊ दिला. मागून आलेल्या शाडलीने जाळीत घातला.

"बघ," लुकाकूच्या शेंगेवर बोट ठेवून तो म्हणाला, "तोसुद्धा दोझोच म्हणाला."

आणि ती शेंग माझ्याकडे सरकवली. या वेळी मी खाऊन टाकली.