पाणी पिणारी गाडी

बारशी लाईटचा, म्हणजे मिरज-कुर्डुवाडी-लातूरच्या त्या जुन्या अरुंद रुळांच्या गाडीचा विषय निघाला की लोक धुराबद्दल बोलतात. धूर, शिट्टी, डोळ्यात गेलेला कोळशाचा कण आणि तो काढणारं आईच्या पदराचं टोक. मलाही ते सगळं आठवतं. पण आधी आठवतं ते पाणी. फलाटाच्या टोकाला उभा लोखंडी खांब, वर त्याची आडवी फिरणारी सोंड, सोंडेच्या तोंडाला बांधलेली चामड्याची नळी आणि तिच्यातून इंजिनाच्या टाकीत धो धो पडणारं पाणी. आम्ही पोरं खाली माना वर करून उभी असायचो. इंजिन बघायला नव्हे. नळी काढताना जे शिंतोडे उडतात ते अंगावर घ्यायला.

माझं आजोळ येडशीच्या पुढे, लातूरच्या अंगाला. मे महिन्यात आजीच्या आडाचा तळ दिसायचा. पोहरा खडकावर आपटल्याचा आवाज यायचा आणि तो आवाज आला की घरातली मोठी माणसं उगाच गप्प व्हायची. आंघोळीला दोन तांबे, तेही परातीत बसून. परातीतलं पाणी मग लिंबाच्या झाडाला. अशा गावात दिवसातून दोनदा एक काळी गाडी यायची आणि आमच्या डोळ्यांदेखत आठवड्याचं पाणी पिऊन निघून जायची. आजी तिला ‘रांड पानपेवी’ म्हणायची. माझ्या आजीला शिव्या शोभायच्या.

थोरले मामा त्याच गाडीवर फायरमन. त्यांच्याकडून मला कळलं ते असं की कोळशाला फार भ्यायचं नसतं. कोळसा कमी पडला तर गाडी थांबते, माणसं शिव्या घालतात, विषय संपला. भ्यायचं ते पाण्याला. ड्रायव्हरच्या समोर काचेची एक नळी असते, तिच्यात बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दिसते, आणि सगळा जीव त्या नळीत. पातळी फार खाली गेली तर भट्टीच्या माथ्यावरचा शिशाचा बूच वितळतो आणि वाफ आगीवर येते. “म्हणजे काय होतं?” मी विचारलं. “मग आग विझते, नोकरी जाते,” मामा म्हणाले. याहून वाईट काय होऊ शकतं ते त्यांनी भाचीला सांगितलं नाही.

गाडीची छुकछुक म्हणजे काय, हेही त्यांनीच सांगितलं. सिलिंडरमध्ये दट्ट्या ढकलून झालेली वाफ धुराड्यातून वर फेकली जाते, तिच्या ओढीने भट्टीत वारा खेचला जातो आणि आग फुलते. म्हणजे प्रत्येक ‘छुक’ला थोडं पाणी आभाळात. परत मिळायचं नाही. कवितेत वगैरे आपण जो पांढरा ढग बघतो, तो मराठवाड्याच्या आडातून उपसलेल्या पाण्याचा होता. शिवाय आमच्याकडचं पाणी जड. डाळ शिजता शिजत नाही, तर बॉयलर कुठून सुखी असणार? आतून क्षारांचे थर धरायचे आणि कुर्डुवाडीच्या शेडमध्ये बॉयलर धुवायला काढला की खपल्याच्या खपल्या निघायच्या. मामांनी एकदा तसली एक खपली खिशात घालून आणली होती. बोटभर जाडीची, पांढरट, पापुद्रे पापुद्रे असलेली. आजीने ती उलटीपालटी करून बघितली, आपल्या चुलीवरच्या हंड्याच्या बुडाला लावून बघितली आणि म्हणाली, “एकच हाय की.”

आता थोडं मोठ्या माणसांबद्दल. ही गाडी ज्याच्या डोक्यातून निघाली तो एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनिअर. बारशी म्हणजे कापसाचं आणि डाळींचं गाव, पण मुंबईहून येणारी मोठी लाईन बाजूने निघून गेलेली. स्टेशनाला नाव मात्र ‘बार्शी रोड’. म्हणजे आजची कुर्डुवाडी. तिथून बारशीपर्यंत 21 मैल बैलगाडी. कॅलथ्रॉपने तिथे अडीच फूट रुंदीची लाईन टाकली. त्याचं म्हणणं असं की एका आसावर पाच टनांहून जास्त भार द्यायचाच नाही, मग रूळ हलके चालतात, पूल हलके चालतात, खर्च कमी आणि माल भरपूर. लोकांना पटेना म्हणून त्याने आधी तिकडे लीड्सजवळ तात्पुरते रूळ टाकून इंजिन-डबे धाववून दाखवले आणि मग माल बोटीवर चढवला. 1897 साली गाडी सुरू झाली. दख्खनमध्ये तेव्हा दुष्काळ होता. पुढे 1911 साली लातूर, 1927 साली मिरज, अशी सगळी मिळून सव्वातीनशे किलोमीटर. मिरजेला गाडी पोचली त्याच वर्षी कॅलथ्रॉप वारला. मधल्या काळात गृहस्थाने विमानातून उडी मारायचं पॅराशूटही तयार केलं होतं. ‘गार्डियन एंजल’ असं त्याचं नाव. जमिनीवर सगळ्यात हळू जाणारी गाडी काढणाऱ्या माणसाने आभाळातून हळू खाली येण्याची सोय करावी, हे मला फार आवडतं. इंग्लंडातही त्याने अशीच एक छोटी लाईन बांधली होती, लीक आणि मॅनिफोल्ड खोऱ्याची, 1904 साली उघडलेली. ती 1934 मध्येच बंद पडली आणि आता त्या वाटेवरून लोक फिरायला जातात. आमची त्या मानाने खूपच टिकली. 1954 मध्ये सरकारने कंपनी विकत घेतली तरी लोकांच्या तोंडी ‘बारशी लाईट’च राहिली.

हळू म्हणजे किती हळू? चालत्या गाडीतून उतरायचं, शेतातली काकडी तोडायची आणि मागच्या डब्यात चढायचं, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. मीही ऐकलीये. शकुंतला या त्यांच्या छोट्या गाडीबद्दल विदर्भातले लोक हीच सांगतात, पाचोरा-जामनेरवाले हीच सांगतात. भारतातल्या प्रत्येक छोट्या गाडीमागे एक काकडीचं शेत असावं. मी स्वतः कुणाला उतरताना पाहिलेलं नाही. पाहिलंय ते एवढंच की रामलिंगाच्या घाटात इंजिन दमायचं, धापा टाकायचं आणि समोरच्या बाकावरचा म्हातारा “चल गं बाई, चल” म्हणत आपलंच अंग पुढे झुकवायचा. डबा इतका अरुंद की त्याचे गुडघे माझ्या गुडघ्यांना लागायचे. गुडघे लागल्यावर न बोलता बसणं कठीण जातं. तुमचं गाव कोणतं, कुणाच्या तुम्ही, पोरगी कितवीला. घाट संपेपर्यंत सोयरीक निघायची. आषाढीला मात्र बोलायलाही जागा नसायची. टपावर माणसं, दारात माणसं, आणि पंढरपूर येईपर्यंत टाळ वाजत राहायचे.

हे सगळं गोड आहे. पण खरं सांगायचं तर गाडी चालू होती तेव्हा तिच्यात बसायला आम्ही फारसे राजी नव्हतो. यष्टी निम्म्या वेळात पोचवायची. वडील एकदा बारशीला लग्नाला गाडीने निघाले आणि अक्षता पडल्यावर पोचले. त्यानंतर आमच्या घरात गाडीचा विषय मामा आले तरच निघायचा. वाहनाने आपल्याला सोडलं, असं आता आपण हळहळून म्हणतो. आपण आधी सोडलं होतं.

बहात्तरचा दुष्काळ मात्र मी विसरायचं म्हटलं तरी विसरणार नाही. मी सात वर्षांची. गावातली बायामाणसं खडी फोडायला जायची, घरात मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, लाल भाकरी. आडात पाणी नव्हतंच. पण स्टेशनच्या खांबाला कुठून तरी पाणी यायचं, कारण गाडी थांबवून चालणार नव्हतं. मग व्हायचं काय, की गाडीच्या वेळेला दहा-पंधरा बाया घागरी घेऊन खांबाच्या आसपास ‘सहज’ उभ्या असायच्या. मामा टाकीवर चढून नळी सोडायचे. टाकी भरायची. भरली तरी नळी बंद व्हायची नाही. पाणी काठावरून ओसंडून इंजिनाच्या काळ्या अंगावरून खाली यायचं, तेलकट, कोमट, आणि खाली घागरी सरकायच्या. ड्रायव्हरकाका पलीकडच्या बाजूला उतरून चाकांना तेल घालत बसायचे. स्टेशनमास्तर नेमके त्याच वेळी आत रजिस्टर भरत असायचे. गार्ड हिरवा झेंडा झटकून परत गुंडाळायचा, परत उलगडायचा. कुणी कुणाला एक शब्द बोलायचं नाही. दोन-चार मिनिटं असतील. मग नळी बंद, शिट्टी, गाडी निघाली. आजी घरी येऊन ती घागर फडक्याने दोनदा गाळायची. पाण्यावर तेलाचा तवंग राहायचाच, इंद्रधनुष्यासारखा. आम्ही पोरं तो बघत बसायचो. आजीने त्या वर्षी गाडीला शिवी दिल्याचं मला आठवत नाही.

पुढे डिझेल आलं. डिझेलला असं स्टेशनास्टेशनावर पाणी प्यायचं कारण उरलं नाही, तसं खांबाचं काम संपलं. मग रुंदीकरण. अडीच फुटाचे साडेपाच फूट. 2008 साली कुर्डुवाडी-लातूर सगळी मोठी लाईन झाली. ती करताना गाडी धाराशिव शहरातून नेली. जुन्या लाईनवर ते शहर नव्हतंच. मिरजेकडचा तुकडा सर्वांत शेवटी झाला. आता मी पुण्यात रात्री बसते आणि सकाळी लातूरला डोळे उघडते. घाट कधी गेला ते कळत नाही. समोरच्याचे गुडघे लागत नाहीत, तो मोबाईलवर काय बघतोय तेही दिसत नाही. मध्ये एकदा आजोळी गेले तेव्हा जुना भराव शोधला. बाभळी माजल्यात. खांबाच्या जागी सिमेंटचा एक चौथरा आणि त्यावर बसून दोन पोरं पत्ते खेळत होती. मी म्हटलं, इथे इंजिन पाणी प्यायचं. मोठ्या पोराने माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणालं, “आज्जी, गाडी पानी कशाला पील?”

2016 च्या उन्हाळ्यात लातूरला प्यायला पाणी उरलं नाही. पाण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावायची वेळ आली. तेव्हा मिरजेहून कृष्णेचं पाणी रेल्वेने न्यायचं ठरलं. 12 एप्रिलला पहिली गाडी लातूरला पोचली. दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या जायला लागल्या, एकेका खेपेला पंचवीस लाख लिटर. रस्ता तोच, मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, लातूर. 340 किलोमीटरच्या आसपास. टीव्हीवर ती गाडी बघताना माझ्या मनात पहिला विचार आला तो हा की अडीच फुटांवरून एवढं पाणी कधीच गेलं नसतं. पाच टनांचा हिशेब! जुन्या गाडीसाठी डोळ्यांत पाणी आणणाऱ्यांनी, म्हणजे मीच, त्या रात्री जरा गप्प बसणं बरं होतं.

धाकटी मावशी लातूरलाच असते. मी फोन केला. तिच्या नळाला अजून काही आलं नव्हतं, पण गल्लीत सगळीकडे गाडीचीच बोली होती. तीही खूश होती. थोरल्या भावाची आठवण काढून झाली. मग म्हणाली, “इतक्या लांबून येतंय. वाटंत कुठं सांडत असंल का ग?”

मी म्हटलं, नाही गं मावशी, वाघिणी पक्क्या बंद असतात. थेंब सांडत नाही. आणि मध्ये कुठे थांबतही नसेल फारशी.

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मागे कुणीतरी बादली सरकवल्याचा आवाज आला.

“मंग वाटंवरच्या लोकायला काय उपेग?”