तीन बिघा आणि मशालडांगा: छीटमहालांच्या वाटेवर

पश्चिम बंगालमधल्या कूचबिहारला येणारे बहुतेक जण राजवाडा पाहून परततात. आम्ही गेलो छीटमहालांसाठी. एका देशाच्या पोटात दुसऱ्या देशाची गावं! भारताची १११ बांगलादेशात आणि त्यांची ५१ भारतात. ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री त्यांची अदलाबदल झाली. इंदिरा गांधी आणि शेख मुजीब यांनी १९७४ सालीच करार केला होता. पण भूभाग द्यायचा तर घटनादुरुस्ती हवी, आणि ती १०० वी दुरुस्ती व्हायला २०१५ उजाडलं. तोवर माणसं ना इकडची, ना तिकडची.

हे कळायला दिनहाट्याजवळच्या मशालडांग्याला जा, तेव्हाच्या एका बांगलादेशी छीटमहालात. अंगणात सुपारी सोलत बसलेल्या एका आजींनी सांगितलं, की बाळंतपणासाठी भारतातल्या दवाखान्यात जायचं तर नवरा म्हणून दुसऱ्याच कुणाचं नाव लिहावं लागे. पुढे मुलाच्या शाळेतही तेच नाव. ऐकताना फार वाईट वाटलं. इथे घाईने फोटो काढू नका, आधी बसा. जमिनीच्या कागदपत्रांचा विषय नाजूक आहे, तो आपणहून काढू नका. बंगाली बोलणारं कुणी ओळखीचं सोबत असेल तर उत्तम.

तीन बिघा अगदी उलट दिशेला, मेखलीगंजकडे आहे. त्यासाठी वेगळा दिवस ठेवा. दहग्राम-आंगरपोता हे छीटमहाल या अदलाबदलीत नव्हतं, ते आजही बांगलादेशचंच, आणि तिथल्या लोकांची घरची वाट भारतातून जाते, तीच ही तीन बिघा: १७८ मीटर लांब, ८५ मीटर रुंद. तीच आडवी छेदून आपला कुचलीबाडीचा रस्ता जातो. चौकात बीएसएफचा जवान हात दाखवतो, आपली गाडी थांबते आणि समोरून पोती लादलेली सायकल पासपोर्टशिवाय निघून जाते. १९९२ साली ही वाट ठरावीक वेळीच उघडत असे. २०११ पासून चोवीस तास खुली आहे. भांडण मिटवायचा इतका साधा, माणुसकीचा मार्ग मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

ओळखपत्र जवळ ठेवा, कॅमेरा काढण्याआधी जवानांना विचारा, दहग्रामच्या रस्त्याला वळू नका. पावसाळा टाळा, हिवाळा चांगला. आणि फोनची वेळ आपोआप बदलण्याची सोय बंद करा: सीमेलगत बांगलादेशचा टॉवर पकडला तर घड्याळ अर्धा तास पुढे जातं आणि परतीच्या गाडीचा हिशेब चुकतो.