सकाळची रेघ

वरच्या पापणीची जादा कातडी काढून घ्यायला येणाऱ्या बायका सहसा वाचनाचं कारण सांगतात. ‘अक्षरं दिसत नाहीत हो, डॉक्टरबाई.’ घरात लग्न आहे, हे तिसऱ्या भेटीत कळतं. काकूंनी पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं, ‘मे महिन्यात नातवाची मुंज आहे. फोटोत मी झोपलेली दिसते.’ वय ६८, शाळेतून निवृत्त, घर इंदूरच्या रामबागेत. सोबतचा मुलगा मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, ‘आईला या वयात हौस सुचून राहिली आहे.’

काकू आणखी एक वाक्य बोलल्या होत्या. ‘संध्याकाळी जास्तच जड होतं, बेटा.’ मी म्हणाले, ‘दिवसभरानं सगळ्यांचंच होतं, काकू.’ केसपेपरवर ते लिहिलंही. माझ्याच अक्षरात आहे.

तपासणी सकाळी दहाची. आमच्याकडे ज्येष्ठांना सकाळचीच वेळ देतात, ऊन आणि गर्दी टळावी म्हणून. पद्धत मीच सुरू केली आणि तिचं कौतुकही करून घेतलं. बाहुलीच्या मध्यापासून पापणीची कड दोन्हीकडे ४ मिलीमीटर, म्हणजे पापणी उचलणारा स्नायू ठीक. कातडी मात्र घडीवरून ओघळलेली. कपाळावर आडव्या, खोल आठ्या. मीच म्हणाले, ‘त्याच दिवशी थोडं बोटॉक्सही देऊ, कपाळ मोकळं दिसेल.’ स्नायू सैल पाडणाऱ्या या औषधाला अमेरिकेत १९८९ मध्ये पहिली परवानगी मिळाली ती तिरळेपणा आणि पापण्यांच्या आचक्यांसाठी. भुवयांमधल्या आठ्यांसाठी २००२ मध्ये. आता ते पार्लरच्या पाटीवर फेशियलच्या खाली लिहिलेलं असतं. मी पार्लरवाल्यांना नावं ठेवते, पण त्या दिवशी माझा सूरही तसाच होता, ‘त्यात काय, देऊन टाकू’चा.

ऑपरेशनच्या दिवशी साडेनऊला काकूंना खुर्चीत ताठ बसवून आखणी केली. या कामात मला कुणी घाई केलेली चालत नाही. आडवं झालं की कातडी कानाकडे सरकते, भूल टोचली की पापणी फुगते, मग डोळ्यांचा अंदाज घेण्यात अर्थ राहत नाही. पेनाची रेघ तेवढी खरी. खालची रेघ पापण्यांच्या केसांपासून ८ मिलीमीटरवर, नैसर्गिक घडीत. वरची रेघ ठरवताना चिमट्यानं कातडी हलके धरायची, केस जेमतेम वर वळतील इतकीच. भुवई ते पापणीची कड मिळून २० मिलीमीटर कातडी उरलीच पाहिजे, नाहीतर माणूस डोळे उघडे ठेवून झोपतो. डोळे उघडले की खालची रेघ घडीत गडप व्हायला हवी. दोन्हीकडे झाली. छान जमली होती.

तेवढ्यात कुत्रं चावलेलं सहा वर्षांचं पोर आलं. वरचा ओठ फाटलेला. अशा जखमेत आधी धुणं, मग रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन (इम्युनोग्लोब्युलिन), आणि टाके त्यानंतर. ओठाच्या कडेची पांढरी रेषा एका मिलीमीटरनं चुकली तरी जन्मभर दिसते, म्हणून पहिला टाका तिथेच. त्याची भूल, त्याचे आईबाप, आणि मग आधीच ठरलेला दुसरा पेशंट. काकू वॉर्डात बसून राहिल्या. मावशींनी पोहे दिले, त्यातले निम्मे परत आले.

पावणेसहाला त्यांना आत घेतलं. रेघा पुसट झाल्या असतील तर गिरवाव्या म्हणून परत बसवलं. उजवी जागेवर होती. डाव्या डोळ्याची खालची रेघ घडीतून बाहेर येऊन समोर दिसत होती आणि पापणीनं बाहुलीचा वरचा भाग झाकला होता.

पहिला विचार आला तो आपल्या चुकीचा, सकाळी वाकडी आखली. पण आखलेली रेघ सरकत नाही. डावी पापणी बोटानं उचलली तर उजवी खाली आली. मिनिटभर वर बघायला लावलं; डावी सावकाश मिटत गेली, पडदा सुटल्यासारखी. आणि कपाळ पूर्ण आकसलेलं. त्या आठ्या म्हातारपणाच्या नव्हत्या. काकू कपाळाच्या जोरावर डोळे उघडे धरून होत्या. तोच आधार मी सुईनं काढून घेणार होते. बोटॉक्सची कुपी फ्रीजमध्ये तयार होती.

‘काकू, जेवताना जबडा थकतो?’

‘भाकरी अर्धी ठेवते. कवळी नीट बसली नाही. दोनदा बदलली.’

ऑपरेशननंतर डोळ्यांवर ठेवायला आम्ही हातमोज्यात बर्फ भरून गाठ मारून ठेवतो. तोच मोजा डाव्या पापणीवर दोन मिनिटं धरला. कड १ वरून ४ मिलीमीटरवर आली. सिस्टर म्हणाली, ‘मॅडम, हे तर ऑपरेशनशिवायच झालं.’

मायस्थेनिया ग्रेव्हिस. मज्जातंतू ज्या रसायनातून स्नायूला निरोप देतात, ते टिपून घेणाऱ्या जागा शरीरच निकामी करतं. विश्रांतीनंतर स्नायू ताजा, वापरला की गळतो. म्हणून सकाळचे डोळे आणि संध्याकाळचे डोळे वेगळे. बोटॉक्स तेच रसायन सुटू देत नाही. एकाच दाराला आतून आणि बाहेरून कुलूप. नुसते डोळे मिटण्यावर भागलं असतं असंही नाही; गिळणं आणि श्वासही अशाच स्नायूंवर चालतात.

न्यूरोलॉजिस्टकडे पाठवलं. रक्तात या आजाराच्या अँटिबॉडी सापडल्या, छातीच्या सीटीत थायमस ग्रंथीची गाठ (या आजारात ती कधीकधी असते) निघाली नाही, ते रसायन जास्त वेळ टिकवणारं पायरिडोस्टिग्मिन सुरू झालं. मुलगा पैसे परत घ्यायला आला तेव्हा म्हणाला, ‘बरं झालं डॉक्टर, तुम्ही वेळेवर ओळखलं.’ मी मान हलवली. केसपेपर टेबलावर उघडाच होता, ‘संध्याकाळी जडपणा’ दिसत होतं. त्या पोराला कुत्रं चावलं नसतं तर दहा वाजता मी छान जमलेल्या रेघेवर कापलं असतं आणि कपाळात सुई दिली असती. आता ज्येष्ठांची दुसरी तपासणी पाचनंतर ठेवते. रिसेप्शनवरची मुलगी कुरकुरते.

मुंज झाली. गेल्या आठवड्यात काकू आल्या, गोळ्यांनी डोळे उघडे, कातडी तशीच ओघळलेली. ‘आजार वेगळा, कातडी वेगळी, असं तूच सांगितलंस ना? मग आता मार की ती रेघ.’

मी त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला आणि परत सहाला यायला सांगितलं.

‘दोनदा रिक्षाचे पैसे कोण देणार?’ काकू म्हणाल्या.